चौथ्या प्लगाचं पाणी

रंगू गाडी चालवायला लागली ती कोणाला विचारून नव्हे. नवऱ्यालासुद्धा तिने विचारलं नव्हतं.

सदा, तिचा नवरा, मुंबईला एका कंपनीत शिपाई. साहेबांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी ह्याच्या गळ्यात पडली, आणि ह्याने ती मोठ्या हौसेने गावी आणून आंब्याखाली उभी केली. गणपतीला यायचं, गाडी पुसायची, चुलतभावांना बसवून दिघीच्या जेट्टीपर्यंत एक फेरी मारायची आणि मुंबईला जाताना पुन्हा ताडपत्री ओढायची. बाकी वर्षभर त्या गाडीखाली कोंबड्या अंडी घालायच्या.

गावातून बोर्ली पंचतनला यायचं तर बायका भर उन्हात एसटीची वाट बघत तिठ्यावर उभ्या. डोक्यावर वालाच्या शेंगांचे भारे, काखेत पोर. एसटी आली तर आली. आणि इकडे धडधाकट गाडी ताडपत्रीखाली झोपलेली. रंगूला ते बघवेना. ती म्हसळ्याला गेली आणि गाडी शिकवणाऱ्याकडे नाव घालून आली. शिकवणारा म्हणाला, "काकी, या वयात गाडी कशाला? स्कूटी शिका."

"स्कूटीवर चार बायका बसत न्हाईत," रंगू म्हणाली.

लायसन आलं. मागाहून उतारू न्यायचा बॅज आला. गाडीला पिवळी पाटी लागली. सदा फोनवर आधी ओरडला, मग रुसला, मग सवय झाली. सासरे अंबाजी तेवढे काही बोलले नाहीत. ते नागोठण्याला एका कारखान्याच्या पंपघरात उमेदीची सगळी वर्षं घालवून आलेले. बोलणं कमी, खोकणं जास्त. रंगू पहिल्यांदा गाडी घेऊन फाटकातून बाहेर पडली तेव्हा ओट्यावर बसून त्यांनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, "कोंबड्या सांभाळ."

खरी अडचण आली ती बोर्लीच्या स्टँडवर. तिथे म्हसळ्याला जाणाऱ्या गाड्यांची लाईन लागते. पुढची गाडी भरली की ती सुटायची, मागची पुढे सरकायची. लाईनीचा कारभार भागोजी बघायचा. त्याची स्वतःची जीप, गळ्यात नॅपकिन, आणि जोरात बोललं की आपलं खरं ठरतं अशी पक्की समजूत. रंगूची गाडी लाईनीत लागली त्या दिवशी तो म्हणाला होता, "वैनी, इथे धक्काबुक्की असते, शिव्यागाळी असते. बाईमाणसाला बरं दिसत न्हाय."

"मग शिव्या कमी द्या, भागोजीदादा," रंगू म्हणाली आणि तिने हँडब्रेक ओढला.

तेव्हापासून ती लाईनीत होती. बायका तिची गाडी हेरून थांबायच्या. म्हसळ्याच्या दवाखान्यात जाणाऱ्या पोटुशा, बाजारात माल घेऊन जाणाऱ्या, कॉलेजच्या मुली. तिसऱ्या नंबरावर तिची पांढरी गाडी असली की भागोजीच्या जीपमध्ये एकही बाई चढायची नाही. हे त्याला खुपत होतं, आणि आता तर त्याच्या पुतण्याची कोरी गाडी यायची होती. लाईनीत जागा मोजक्याच. कोणाची तरी जाणार, हे सगळ्या स्टँडला ठाऊक होतं.

आणि नेमकी तेव्हाच रंगूची गाडी घाटात अडली.

माघातली सकाळ होती. गाडीत चारजणी. पुढे रंगूच्या शेजारी नीराबाई, शेंगांची टोपली मांडीवर घेऊन. नीराबाईचं वय पन्नाशीपुढचं. मुलगा सुरतेला, नवरा नाही, घर एकटीने चालवायची आणि त्याबद्दल कोणाची कीव चालवून घ्यायची नाही. पुढे खाणीतला माल घेऊन चाललेला एक डंपर होता आणि लाल धुळीचा लोट मागे सोडत होता. काचेवर एवढी धूळ बसली की समोरचं वळण दिसेना. रंगूने काचेवर पाणी मारलं, वायपर फिरवला, पुन्हा पाणी मारलं. थोडं वर चढली तोच गाडीने अंग झाडल्यासारखा झटका दिला. मग दुसरा. इंजिनाचा सरळ आवाज तुटून लंगडा झाला. स्टिअरिंग थरथरायला लागलं, समोर पिवळा दिवा लुकलुकायला लागला, आणि पाय दाबावा तर गाडीला ओढच नाही.

"काय गं?" नीराबाई म्हणाली.

"बघते," म्हणत रंगूने गाडी कडेला घेतली.

बोनेट उघडलं तर बिघाड काही दिसेना. धूर नाही, वास नाही. तेवढ्यात मागून भागोजीची जीप आली. तो उतरला, कमरेवर हात ठेवून इंजिनाकडे बघितलं, मग बायकांकडे बघून म्हणाला, "चला, बसा माझ्या गाडीत. हिचं इंजिन गेलं. मी तर केव्हापासून सांगत होतो. गाडी चालवायची म्हणजे नुसतं स्टिअरिंग फिरवणं न्हाय."

मागच्या तिघी चुळबुळत उतरल्या. एकीला दवाखाना गाठायचा होता, तिला कोण काय बोलणार. नीराबाई मात्र जागची हलली नाही.

"तुम्ही न्हाय येत?" भागोजीने विचारलं.

"माझ्या शेंगा काय नासत न्हाईत. मी हिच्यासंगती येते."

"आणि गाडी सुरूच झाली न्हाय तर?"

"तर दोघी चालत जाऊ. तुम्ही निघा, दादा, धूळ उडतेय."

जीप गेली. गाडी बंद पडली याचं रंगूला एवढं वाटलं नव्हतं. मशीन आहे, पडते बंद. पण भागोजीने तिचेच उतारू तिच्यासमोर उतरवून नेले, आणि जाता जाता मान हलवली, ती मान तिला सहन झाली नाही. दोघी आंजणीच्या झुडपाच्या सावलीला बसल्या. नीराबाईने शेंगा सोलून दाणे हातावर ठेवले. काही वेळाने रंगूने उठून चावी फिरवली, आणि काय नवल, इंजिन एकदा अडखळलं आणि मग नेहमीसारखं सुरळीत चालायला लागलं. दोघी घाट चढून म्हसळ्याला पोचल्या ते जणू काही झालंच नव्हतं.

पण दोन फेऱ्यांनंतर पुन्हा तेच झालं. आणि मग पुन्हा.

स्टँडसमोर मोरूचं गॅरेज होतं. मोरू तिशीतला, हात चांगला, पण घाईचा माणूस. एक गाडी जॅकवर, दुसरी खड्ड्यावर, फोन खांद्यात दाबलेला. त्याने रंगूची गाडी सुरू ठेवून प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या वायरी एकेक करून काढल्या. पहिली काढली, इंजिन लडखडलं. दुसरी, तिसरी, तसंच. चौथी काढली तर इंजिनाला फरकच पडला नाही.

"हा बघा. चौथा सिलिंडर मिस मारतोय," तो म्हणाला. "पेट्रोल आत जातंय, पण ठिणगी पडत न्हाय."

त्याने पान्याने बोल्ट काढून चौथी कॉइल वर ओढली. तिच्या लांब रबरी नळीला खालून हिरवट पाणी लागलेलं. टॉर्च मारला. प्लग ज्या खोल भोकात बसतो तिथे तळाशी हिरवं पाणी चमकत होतं. मोरूने जिभेने चक् केलं आणि फोन खिशात टाकला.

"वैनी, हे कूलंट. इंजिन थंड ठेवायचं पाणी. ते इथे यायचं काही कारणच न्हाय. आलं म्हणजे हेडला, इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा गेलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे इंजिन खोलायला लागणार. माणगावला न्यायची, हेड उतरवायचं. एवढ्या जुन्या गाडीला एवढं करण्यात अर्थ न्हाय." त्याने हात पुसले. "विकून टाका. भागोजीकाका विचारत होते, पार्टसाठी घेतो म्हणाले."

रंगूने त्याच्याकडे बघितलं. "त्यांनी कधी विचारलं?"

"काल."

"काल तर तू गाडी उघडलीसुद्धा नव्हतीस."

मोरू जरा वरमला. तो लबाड नव्हता. त्याने हिरवं पाणी बघितलं आणि जे नेहमी असतं ते सांगितलं, एवढंच. पण रंगूला त्या क्षणी एक गोष्ट स्पष्ट दिसली. तिची गाडी मेली असं सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. आता नुसतं कारण हवं होतं, ते चौथ्या प्लगाच्या भोकात सापडलं.

"बोल्ट बसव," ती म्हणाली. "आणि तो पाना मला दे दोन दिवस."

"वैनी, काय करणार त्याचं?"

"ते मी बघते. तू पाना दे."

बाहेर पडताना भागोजी हॉटेलच्या बाकावर चहा पीत बसला होता. "सोमवारी पुतण्याची गाडी लागतेय तुमच्या जागेवर," तो तिथूनच म्हणाला. "मनाला लावून घेऊ नका. उतारू घाटात उतरवणारी गाडी लाईनीत ठेवता येत न्हाय, नियम हाय."

"सोमवारी माझ्या जागेवर माझी गाडी असेल," रंगू म्हणाली, आणि लंगडत्या इंजिनाने, झटके खात, सगळ्या स्टँडच्या डोळ्यांदेखत घरी गेली.

त्या संध्याकाळी सदाचा फोन आला. कोणीतरी त्याच्या कानावर घातलंच होतं. "जाऊ दे ना आता," तो म्हणाला. "हौस झाली. विकून टाक."

"हौस तुझी होती. वर्षातनं एकदा पुसायचास. माझं ते काम हाय."

"मोरूने सांगितलं ना, हेड गेलं म्हणून?"

"मोरूने सांगितलं. गाडीने अजून सांगितलं न्हाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सकाळी तिने आंब्याखाली बोनेट उघडलं. मोरूने केलं तसंच केलं. बोल्ट सुटला, कॉइल वर आली. भोकात पाणी होतंच. तिने काठीला जुन्या साडीचा पदर गुंडाळून ते टिपून घेतलं. हिरवं, पातळ. मग तिने कूलंटची बाटली बघितली. बाटलीवर वर एक रेघ, खाली एक रेघ. दिवाळीच्या सुमाराला होतं तिथेच पाणी होतं, वरच्या रेघेला टेकलेलं, तसूभरही खाली नाही. ती तिथेच उभी राहून विचार करायला लागली. हेडला तडा जाऊन इथलं पाणी तिकडे गेलं असेल तर इथे कमी व्हायला नको? कळशी गळते तर कळशी रिकामी होते. मग ही भरलेली कशी?

अंबाजी ओट्यावरून उठून कधी आले ते तिला कळलंच नाही. ते बोनेटमध्ये वाकले, बराच वेळ नुसते बघत राहिले.

"मामा, ह्याला तडा गेलाय म्हणतात," रंगू म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

"तडा बघितला कोणी?"

"न्हाय. पाणी बघितलं."

अंबाजी खोकले. "पंपघरात पाणी जमिनीवर दिसलं की नवी पोरं आधी पंप खोलायला धावायची. पंप खोलून पसारा. आणि पाणी यायचं वरच्या पायपातनं." त्यांनी त्या भोकाकडे बोट दाखवलं. "हे भोक वरनं उघडं हाय ना? मग आधी वर बघ. आत मागाहून जाऊ."

वर काय होतं? इंजिनाच्या मागे, काचेच्या खाली, काळं प्लास्टिक आणि त्याच्या पोटाला चिकटून गेलेल्या वायरी. काही ओलं नव्हतं. रंगूने कॉइल परत बसवली, घरातून जुनं वर्तमानपत्र आणलं, इंजिनावर अंथरलं आणि गाडी सुरू केली. इंजिन तापलं, पंखा फिरला, पुन्हा थांबला. दोघंजण कागदाकडे टक लावून उभे. एक थेंब पडला नाही. इंजिनही आता गोड चाललं होतं, चारही सिलिंडर मारत होते, कारण भोक तिने कोरडं केलं होतं.

"उभ्या गाडीला काय होत न्हाय," ती वैतागून म्हणाली. "घाटातच होतं. चढ लागला की."

"सगळ्या चढाला होतं?"

सगळ्या चढाला होत नव्हतं. मध्ये एका रात्री रंगू पाहुण्यांना सोडायला देवळाच्या चढणीवर गेली तेव्हा नाही झालं, आणि ती चढण घाटापेक्षा खडी. मग नेमकं कधी झालं? तिने डोळे मिटून एकेक वेळ आठवली. पहिल्यांदा, तो डंपर. दुसऱ्यांदा, तोही डंपरच, धूळ एवढी की वळणावर म्हैस दिसली नव्हती. तिसऱ्यांदा डंपर नव्हता. तिसऱ्यांदा सपाट रस्ता होता, कुडकीच्या बाजूला, आणि समोरच्या ट्रॅक्टरने शेणाचा चिखल काचेवर उडवला होता. तेव्हा तिने काय केलं? जे धूळ आली की करते तेच. पाणी मारलं.

तिने डोळे उघडले.

"मामा," ती म्हणाली, "गाडीत बसा. पुढे. माझ्या जागेवर."

"मी?"

"बसा ओ. स्टिअरिंगच्या बाजूला दांडी हाय, ती आपल्याकडे ओढा. मी सांगेन तोवर सोडू नका."

अंबाजी धोतर सावरत बसले. रंगू इंजिनावर ओणवी झाली. "ओढा!"

मोटरचा घूं आवाज झाला. काचेवर वायपर फिरला. एका बाजूने पाण्याची बारीक चिळकांडी उडाली, दुसऱ्या बाजूने नुसतीच लाळ गळल्यासारखी धार. आणि काचेखालच्या काळ्या प्लास्टिकच्या आडून, जिथे कोणी बघितलंच नव्हतं तिथून, टपकन एक थेंब वर्तमानपत्रावर पडला. मग दुसरा. मग धारच लागली. हिरवी. बरोबर चौथ्या कॉइलच्या डोक्यावर.

"सोडू का?" आतून अंबाजींनी विचारलं.

"सोडू नका!" रंगू ओरडली. तिला हसू येत होतं आणि रागही येत होता. कागदावरच्या हिरव्या पाण्यात तिने बोट फिरवलं. फेस आला. वास घेतला. लिंबाचा वास. भांडी घासायचं हिरवं लिक्विड! काच चिकट होते म्हणून तिनेच वायपरच्या पाण्यात ते भरपूर ओतलं होतं. ज्या पाण्यासाठी तिची गाडी भंगारात निघाली होती ते तिच्याच मोरीवरचं पाणी होतं.

प्लास्टिकच्या मागे हात घालून तिने नळी चाचपली. पेन्सिलीएवढी बारीक, काळी रबरी नळी, आणि एका जागी उंदराने कुरतडून पार चाळण केलेली. ताडपत्रीखालचा जुना भाडेकरू परत आलेला दिसत होता. तिने नळी ओढून बाहेर काढली आणि अंबाजींच्या पुढ्यात धरली.

"हा बघा तडा."

अंबाजींनी नळी फिरवून फिरवून बघितली. "उंदराला काय चव लागली असेल यात," ते म्हणाले. मग गाडीतून उतरता उतरता, तिच्याकडे न बघता म्हणाले, "चांगलं शोधलंस."

रंगू नळीचा तुकडा घेऊन बोर्लीच्या शेतीच्या दुकानात गेली आणि फवारणीच्या पंपाची तेवढ्याच जाडीची नळी कापून घेऊन आली. बसवायला बोटं सोलली, पण बसली. कॉइलची नळी आतून पुसून दुपारभर उन्हात ठेवली. भोक पुन्हा कोरडं केलं. मग वर्तमानपत्र अंथरून अंबाजींना पुन्हा दांडीवर बसवलं. कागद कोरडाच राहिला. काचेवर दोन्ही बाजूंनी अशा धारा उडाल्या की ओट्यावर वाळत घातलेले पापड भिजले.

सोमवारी ती स्टँडवर आली तेव्हा तिच्या जागेवर भागोजीच्या पुतण्याची कोरी गाडी उभी होती, बोनेटवर हार, सीटचं प्लास्टिकसुद्धा न काढलेलं. रंगूने आपली गाडी तिच्या नाकाला नाक लावून उभी केली आणि इंजिन बंद केलं. मागच्या गाड्यांनी हॉर्न मारायला सुरुवात केली. तिने काच खाली केली आणि बसून राहिली.

भागोजी आला. "वैनी, तमाशा करू नका."

"मी उभी हाय. तमाशा कोण करतंय ते लोकं बघतायत."

"गाडी खराब हाय तुमची."

"नव्हती खराब. मोरूला बोलवा."

मोरू आधीच रस्ता ओलांडून येत होता. रंगूने त्याच्या हातावर कुरतडलेली नळी ठेवली, त्याचा पाना त्याला परत दिला आणि बोनेट उघडलं. काय कसं सापडलं ते तिने सगळ्यांसमोर, आवाज न चढवता सांगितलं. मोरूने स्वतः चौथी कॉइल वर काढली. टॉर्च मारला. भोक कोरडं. त्याने नळीला बोट लावलं, मग नवी नळी कुठून गेली ते चाचपलं.

"वर बघायचं राहिलंच माझं," तो म्हणाला.

"पण उभ्या गाडीवरनं काय कळतंय?" भागोजी म्हणाला. "घाटात कळेल."

"बरोबर," रंगू म्हणाली. "बसा पुढे. चला घाटात."

भागोजीने नॅपकिन झटकला. "मला कामं हायत."

"मी बसतो," मोरू म्हणाला.

मागे नीराबाई टोपली घेऊन चढलीच होती. तिच्या मागे दवाखान्याला जाणारी ती पोरगी चढली, जी त्या दिवशी जीपमध्ये बसून गेली होती. ती रंगूकडे बघेना. रंगू म्हणाली, "नीराबाईच्या टोपलीला जागा दे गं," आणि तेवढ्यावर ते मिटलं.

घाटाच्या पायथ्याशी डंपर लागला. रंगूला हवाच होता. ती मुद्दाम त्याच्या मागे राहिली, आणि लाल धूळ काचेवर बसायला लागली तशी तिने दांडी ओढली ती सोडलीच नाही. पाणी उडतंय, वायपर फिरतोय, फेस काचेवरून ओघळतोय. मोरू पुढे वाकून, कान देऊन बसलेला. पहिलं वळण. दुसरं वळण. जिथे पहिल्यांदा झटका बसला होता ते झुडूप मागे पडलं. इंजिन एका सुरात चढत होतं. पिवळा दिवा काळाच राहिला. अर्ध्या घाटात बाटलीतलं पाणी संपलं आणि मोटर कोरडी घरघरायला लागली, तेव्हा कुठे रंगूने दांडी सोडली. मग गिअर बदलला, हॉर्न दिला आणि डंपरला मागे टाकलं.

मागच्या सीटवरून कोणीतरी टाळी वाजवली.

"वैनी, मी सांगतो काकांना," घाटमाथ्यावर मोरू म्हणाला. "माझं चुकलं ते मी सांगतो."

"तुझं तू सांग. माझं काय सांगायचं ते मी सांगेन."

म्हसळ्याला बायका उतरल्या. मोरूला एका दुकानातून सामान घ्यायचं होतं, तो गेला. नीराबाई मात्र टोपली घेऊन गाडीच्या दाराशीच उभी राहिली. काहीतरी बोलायचं होतं आणि तोंडातून निघत नव्हतं, असं रंगूने तिला कधी बघितलं नव्हतं.

"काय गं, नीराबाई?"

"हे पायानं काय काय दाबतेस," नीराबाई म्हणाली, "ते मला शिकवशील?"

रंगूने तिच्याकडे बघितलं. पन्नाशीपुढची बाई, हातावर शेंगांचे डाग, पायात झिजलेल्या चपला. थट्टा करत नव्हती.

"माझा मुलगा टेम्पो ठेवून गेलाय दारात," ती पुढे म्हणाली. "गंजतोय. मी रोज बघते. त्या दिवशी घाटात बसले होते ना तुझ्याबरोबर, तेव्हाच मनात आलं. पण तेव्हा गाडी बंद होती, म्हणून बोलले न्हाय."

"टेम्पोने उतारू नेता येत न्हाईत."

"उतारू कोण नेतंय? माल नेईन. माझा आणि अजून दहाजणींचा. लाईनीत उभा करीन."

"सकाळी लवकर ये," रंगू म्हणाली. "आमच्या शेतात. भात कापून झालंय, मोकळं हाय. काही धडकायचं असेल तर बांधाला धडक, माणसाला नको."

परतताना गाडी भरली होती. स्टँडवर आली तर पुतण्याची गाडी अजून तिथेच, रिकामी. मोरू उतरला आणि हॉटेलच्या बाकाजवळ जाऊन, चहा पिणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काका, गाडी चांगली हाय. मी चुकीचं सांगितलं होतं. मी पुन्हा बघितलं, घाटात बसून बघितलं."

"तरी जुनीच," भागोजी म्हणाला. "आज न्हाय तर उद्या..."

"तुमची जीप माझ्या गाडीपेक्षा जुनी हाय, दादा," रंगू म्हणाली. "तिला मी कधी काय बोलले? उद्याचं उद्या. आज माझी जागा मोकळी करा."

कोणीतरी हसलं. पाठीमागच्या एका जीपवाल्याने, ज्याचं रंगूशी कधी दोन शब्दही झाले नव्हते, आपली गाडी मागे घेतली, तिच्या मागच्याने आपली घेतली, आणि लाईनीत पुतण्याच्या गाडीमागे ती निघेल एवढी मोकळी जागा झाली. भागोजीने ती जागा बघितली. इतके दिवस त्याने सांगितल्याशिवाय कोणी इंचभर हललं नव्हतं. तो उठला, पुतण्याच्या खिडकीशी गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "घे मागे. शेवटी लाव."

हाराची गाडी मागे सरकली. रंगूने आपली पुढे घेतली, हँडब्रेक ओढला आणि काच पूर्ण खाली केली.

"भागोजीदादा."

तो वळला. "आता काय?"

"शेवटी अजून एक जागा ठेवा. टेम्पोची. शिमग्यानंतर लागेल."

"कोणाचा टेम्पो?"

"नीराबाईचा."

"आणि चालवणार कोण?"

रंगूने दार उघडून पहिल्या उतारूला आत घेतलं. "जागा ठेवा," ती म्हणाली. "चालवणारी येईल."